काढलेल्या फोटोचं कर्ज

मराठीत आपण पायातला काटा काढतो, रक्त काढतो, चित्र काढतो आणि फोटोही काढतो. गरज पडली तर कर्जही काढतो. क्रियापद एकच, पण काटा काढला की विषय संपतो आणि कर्ज काढलं की सुरू होतो. अरण्यात, बेटांवर, डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या आदिवासींचे फोटो काढायला सुरुवात होऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली. बहुतेकांनी हे फोटो काट्यासारखे काढले आणि ते आपल्या वाटेला लागले. काहींनी मात्र ते कर्जासारखे काढले आणि पुढे आयुष्यभर फेडले. त्यांतल्या एका बाईची गोष्ट या प्रकरणात सविस्तर सांगायची आहे. ती नीट समजावी म्हणून आधी तिच्यापूर्वीची रीत पाहू.

पुसलेलं घड्याळ

एडवर्ड कर्टिस हा अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला नावाजलेला छायाचित्रकार. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं जगणं ते लुप्त होण्याआधी टिपून ठेवायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. १९०६ मध्ये धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांनी त्याला ७५ हजार डॉलर देऊ केले. १९०७ ते १९३० या काळात त्याच्या ग्रंथमालेचे २० खंड निघाले. त्यासाठी त्याने ऐंशीच्या आसपास जमातींमध्ये फिरून चाळीस हजारांवर फोटो काढले आणि मेणाच्या नळकांड्यांवर हजारो गाणी व भाषणं ध्वनिमुद्रित केली. या कामापायी त्याचा संसार मोडला, स्टुडिओ हातचा गेला.

१९१० च्या सुमारास त्याने पिगन जमातीतल्या एका तंबूत फोटो घेतला. दोन पुरुष बसले आहेत, भोवती त्यांच्या नेहमीच्या वस्तू आहेत आणि दोघांच्या मधोमध एक गजराचं घड्याळ आहे. छापील खंडात मात्र ते घड्याळ दिसत नाही. कर्टिसने ते पुसून टाकलं होतं.

घड्याळ पुसण्यामागे त्याची एक पक्की समजूत होती. ही माणसं संपत चालली आहेत, म्हणून त्यांना जुन्या काळात बसवूनच दाखवायचं. घड्याळ ठेवलं असतं तर वाचकाला कळलं असतं की ही माणसं त्याच्याच काळात जगत आहेत. मग पुढचे प्रश्नही आले असते: त्यांची जमीन कुठे गेली? त्यांच्या मुलांना आईबापांपासून तोडून, केस कापून, स्वतःची भाषा बोलू न देणाऱ्या वसतिशाळांमध्ये का कोंडलं जात आहे? कर्टिसच्या देखण्या, तपकिरी छायेतल्या फोटोंमध्ये या प्रश्नांना फारशी जागा नव्हती. त्याचं काम वाया गेलं, असं मात्र कोणी म्हणू नये. आज त्याच जमातींचे वंशज त्या ध्वनिमुद्रणांतून जुनी गाणी शिकतात, फोटोंत पणजोबांचे चेहरे शोधतात. संपणार म्हणून ज्यांना जपून ठेवलं, त्यांचीच नातवंडं-पतवंडं ते पाहत आहेत.

चौकटींचा पडदा

आपल्याकडे अंदमानात रीत वेगळी होती. मॉरिस विडाल पोर्टमन हा इंग्रज अधिकारी १८७९ मध्ये तिथे रुजू झाला. अंदमानच्या मूळ रहिवाशांचा कारभार त्याच्याकडे होता. १८८० मध्ये त्याने नॉर्थ सेंटिनेल बेटावरून एक वृद्ध जोडपं आणि काही मुलं पकडून पोर्ट ब्लेअरला आणली. थोड्याच दिवसांत ती दोन म्हातारी माणसं आजारी पडून मेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आलं. पुढे १८९० च्या दशकात पोर्टमनने ब्रिटिश म्युझियमसाठी अंदमानी माणसांच्या फोटोंचे मोठाले अल्बम तयार केले. त्यांतल्या कित्येक फोटोंत माणूस चौकटी आखलेल्या पडद्यापुढे उभा आहे, एकदा समोरून, एकदा बाजूने. उंची, खांदे, डोकं मोजता यावं म्हणून त्या चौकटी होत्या.

इंग्रजांनी १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत उभारली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची संख्या काही हजार असावी. १८७७ मध्ये गोवराची साथ आली, इतर रोगही आले. १९६१ च्या जनगणनेत ते उरले होते १९. ज्यांच्या शरीराचं माप इतक्या काळजीने घेतलं गेलं, त्यांचं आयुष्य वाचवण्यासाठी तेवढी काळजी कोणी घेतली नाही.

कात्रिमानीच्या काठी

जिची गोष्ट सांगायची आहे त्या क्लाउडिया आंदुझारचा जन्म १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेल गावचा. तिचं बालपण गेलं ट्रान्सिल्व्हेनियातल्या ओराडिया शहरात. आई स्विस ख्रिश्चन, वडील हंगेरियन ज्यू. १९४४ मध्ये नाझी आले आणि ओळखीच्या ज्यू मुलांच्या कपड्यांवर पिवळे तारे दिसू लागले. वडिलांना नेलं, ते डाखाउच्या छळछावणीतून परतले नाहीत. वडिलांकडचे जवळजवळ सगळे नातेवाईक असेच मारले गेले. तेरा वर्षांची क्लाउडिया आईबरोबर स्वित्झर्लंडला निसटली. पुढे ती न्यूयॉर्कला गेली आणि १९५५ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोला आली. पोर्तुगीज येत नव्हतं, म्हणून लोकांशी बोलण्यासाठी तिने कॅमेरा हाती घेतला.

१९७१ मध्ये ‘रेआलिदाद’ या मासिकाच्या अ‍ॅमेझॉन विशेषांकासाठी काम करताना तिची यानोमामी लोकांशी गाठ पडली. ब्राझीलच्या उत्तर टोकाला, व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या घनदाट अरण्यात ही जमात राहते. अंकाचं काम संपलं, पण तिचं मन तिथेच राहिलं. मासिकाचं काम सोडून, गुगनहाइम शिष्यवृत्तीच्या आधाराने ती कात्रिमानी नदीच्या काठी परतली. कार्लो झाक्विनी हा इटालियन मिशनरी तिथे आधीपासून राहत होता. यानोमामींची भाषा त्याला येत होती, त्याची तिला मोठी मदत झाली.

सुरुवातीला तिने फारसे फोटो काढलेच नाहीत. लोकांबरोबर राहायचं, चालायचं, शिकारीला जाणाऱ्यांच्या मागे जायचं, रात्री झोळीत झोपायचं. कॅमेऱ्याची आणि कॅमेरेवालीची सवय होऊ द्यायची. यानोमामींचं घर, म्हणजे ‘यानो’, हे एक मोठं गोल सामायिक छप्पर असतं. प्रत्येक कुटुंबाची चूल वेगळी आणि चुलीभोवती झोळ्या. आत अंधार, धूर, मधूनच छपरातून आलेली उन्हाची तिरीप. अशा जागी फोटो काढायचा म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. हललेलं माणूस पुसट होतं, उजेडाचे पट्टे पसरतात. दुसऱ्या कोणी असे फोटो बाद केले असते. आंदुझारने त्यांतूनच स्वतःची पद्धत घडवली.

यानोमामींचे वैदू विशिष्ट झाडाच्या सालीची भुकटी नाकात ओढून ‘शापिरी’ नावाच्या आत्म्यांना बोलावतात. हे आत्मे अगदी लहान, झगझगीत असतात आणि लखलखणाऱ्या आरशांवर नाचत खाली उतरतात, असं ते सांगतात. साध्या फोटोत काय आलं असतं? जमिनीवर हातवारे करणारा एक माणूस. वैदूला जे दिसतं ते त्यात आलं नसतं. म्हणून आंदुझारने भिंगाच्या कडांना व्हॅसलीन फासलं, रॉकेलचे दिवे वापरले, एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश घेतला, झाडी गुलाबी-तांबडी दिसेल अशी इन्फ्रारेड फिल्म वापरली. या फोटोंत वैदूभोवती उजेडाच्या रेषा धावतात, छप्पर तारांगणासारखं दिसतं. कर्टिसने फोटोतलं खरं घड्याळ पुसलं ते स्वतःच्या कल्पनेसाठी. आंदुझारने डोळ्यांना न दिसणारा उजेड आणला, कारण समोरच्या माणसाला तो दिसत होता. दोघांनीही फोटोत फेरफार केला, पण दोन फेरफारांत हा फरक आहे.

१९७४ मध्ये तिने आणि झाक्विनीने यानोमामींना कागद आणि रंगीत पेनं दिली. त्यांनी आपल्या हातांनी आपलं विश्व काढलं: आकाश, आत्मे, सृष्टीच्या जन्माच्या कथा. फोटोत आपण त्यांना कसे पाहतो ते दिसतं, आणि या चित्रांत ते स्वतःला कसे पाहतात ते. पुढे तिच्या फोटोंबरोबर ही चित्रंही प्रदर्शनांत लागली.

मृत माणसाची प्रतिमा

फोटो काढला की आत्मा चोरला जातो असं आदिवासी समजतात, हे वाक्य आपण अनेकदा ऐकलेलं असतं, आणि त्यावर हसलेलंही. यानोमामींच्या बाबतीत त्यामागचा विचार समजून घेतला तर हसू येत नाही.

त्यांच्या भाषेत ‘उतुपे’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ प्रतिमा. पण ही प्रतिमा वरवरची नसते. प्रत्येक जिवाच्या आत त्याचं सत्त्व प्रतिमेच्या रूपाने असतं. माणूस आजारी पडतो तेव्हा ही प्रतिमा दुखावलेली किंवा हरवलेली असते आणि वैदू तिलाच परत आणतो. छापील चित्रं, मासिकं आणि फोटो यांना ते ‘प्रतिमांची कातडी’ म्हणतात.

माणूस मेला की त्याचं नाव उच्चारायचं नाही. त्याच्या वस्तू जाळायच्या, मोडायच्या, त्याचे माग पुसून टाकायचे. हाडं जाळून त्यांची राख करायची आणि ‘रेआहू’ नावाच्या, अनेक दिवस चालणाऱ्या उत्सवात गावोगावचे पाहुणे बोलावून त्या राखेला निरोप द्यायचा. काहीही मागे उरलं तर मेलेल्याला जाता येत नाही आणि जिवंतांचं दुःख सरत नाही, अशी त्यांची धारणा आहे. आता अशा समाजात फोटोचं काय करायचं? फोटो तर मागे उरण्यासाठीच असतो.

हा प्रश्न फक्त फोटोचा नव्हता. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी यानोमामींच्या रक्ताचे हजारो नमुने घेतले. ज्यांचं रक्त घेतलं ती माणसं एकेक करून गेली, पण त्यांचं रक्त अमेरिकेतल्या शीतपेट्यांमध्ये तसंच राहिलं. हे कळल्यावर यानोमामी अस्वस्थ झाले. दावी कोपेनावा या त्यांच्या पुढाऱ्याने ते रक्त परत मागितलं. बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१५ मध्ये अडीच हजारांहून अधिक कुप्या ब्राझीलला परत आल्या आणि यानोमामींनी ते रक्त विधीपूर्वक आपल्या मातीत पुरलं. काढलेलं रक्त परत करता आलं. काढलेले फोटो परत करणं त्याहून अवघड आहे, कारण ते एका जागी राहत नाहीत. यानोमामी पुढाऱ्यांनी आंदुझारच्या फोटोंना संमती दिली, त्यामागे एक हिशेब होता: गोऱ्यांना आपण दिसलो नाही, तर ते आपल्याला मारून टाकतील आणि कोणाला कळणारही नाही. ही संमती त्यांनी आपल्या श्रद्धेला मुरड घालून दिलेली आहे. तिचं मोल आपण त्या हिशेबानेच करायला हवं.

रस्ता आला

१९७३ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने यानोमामींच्या अरण्यातून पेरिमेत्राल नॉर्ते हा महामार्ग काढायला घेतला. मजुरांबरोबर सर्दी, इन्फ्लुएंझा, गोवर आले. या रोगांची ओळखच नसलेल्या शरीरांमध्ये प्रतिकारशक्ती नव्हती. १९७७ च्या गोवराच्या साथीत कात्रिमानीच्या वरच्या भागातल्या काही वस्त्यांमधली निम्मी माणसं गेली. १९७६ मध्ये रस्ता अर्धवट सोडून दिला गेला होता, पण त्याच्याबरोबर आलेले रोग मागे राहिले.

आंदुझारच्या कामाला इथे वळण लागलं. जे लोक डोळ्यांदेखत मरत होते, त्यांचे सुंदर फोटो काढत राहणं तिला शक्य नव्हतं. १९७७ मध्येच सरकारने तिला त्या प्रदेशातून बाहेर काढलं. १९७८ मध्ये तिने झाक्विनी आणि ब्रूस अल्बेर हा मानववंशशास्त्रज्ञ यांच्यासोबत यानोमामींच्या जमिनीसाठी एक समिती स्थापन केली. मागणी एकच होती: यानोमामींचं सगळं अरण्य सलग, अखंड, कायद्याने त्यांचं ठरवा. पुढची चौदा वर्षं ती फोटोग्राफर कमी आणि कार्यकर्ती जास्त होती. पत्रं, अहवाल, नकाशे, परदेशातल्या सभा. कोपेनावा ठिकठिकाणी जाऊन बोलत होता आणि तिचे फोटो त्याच्या बोलण्याला पुरावा म्हणून उभे राहत होते.

गळ्यातला आकडा

१९८१ ते १९८३ या काळात ती दोन डॉक्टरांबरोबर यानोमामी वस्त्यांमध्ये लसीकरणासाठी फिरली. प्रत्येकाची आरोग्यपत्रिका करायची होती. पण पत्रिकेवर लिहायचं काय? यानोमामींमध्ये माणसाचं खरं नाव चारचौघांत घेत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात आकडा लिहिलेला बिल्ला अडकवला आणि ओळख पटावी म्हणून फोटो काढला. साधे, कृष्णधवल, दप्तरी फोटो. कोणी हसतंय, कोणी बावरलंय, एखादी आई मुलाला कडेवर घेऊन उभी आहे. प्रत्येकाच्या छातीवर एक आकडा.

कितीतरी वर्षांनी तिने हे फोटो पुन्हा पाहिले आणि तिला ओराडिया आठवलं. खूण करून माणसं वेगळी काढली की पुढे त्यांचं काय होतं, हे तिने तेराव्या वर्षी पाहिलं होतं. तिथे माणसांना मारण्यासाठी खूण केली होती. इथे तिने स्वतःच्या हाताने खूण केली होती ती जगवण्यासाठी. २००६ मध्ये साओ पावलोच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात हे फोटो ‘मार्कादोस’, म्हणजे ‘खूण केलेले’, या नावाने लागले.

पोर्टमनचा चौकटींचा पडदा आणि आंदुझारचा आकड्याचा बिल्ला शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीकडे माणूस नावाशिवाय उभा आहे, दोन्हीकडे मोजदाद आहे. पण पोर्टमनचा फोटो लंडनच्या संग्रहालयासाठी निघाला आणि आंदुझारचा त्या माणसाच्या पुढच्या लसीसाठी. फोटो कसा दिसतो त्यापेक्षा तो कोणाच्या कामी येतो, हे पाहिलं की त्याची किंमत कळते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस सोन्यासाठी सुमारे चाळीस हजार बेकायदा खाणमजूर या अरण्यात घुसले. मलेरिया पसरला, नद्यांमध्ये पारा उतरला. सरकारने तर यानोमामींच्या प्रदेशाचे १९ तुकडे पाडून मधली जमीन मोकळी करण्याचा घाट घातला होता. तो टिकला नाही. मे १९९२ मध्ये, रिओच्या वसुंधरा परिषदेच्या तोंडावर, राष्ट्राध्यक्ष फर्नांदो कोलोर यांनी सुमारे ९६ हजार चौरस किलोमीटरच्या अखंड यानोमामी प्रदेशाला मान्यता दिली. महाराष्ट्राच्या जवळजवळ एकतृतीयांश एवढं हे अरण्य. हे एकट्या आंदुझारचं यश नव्हतं. त्यात कोपेनावाचं आणि शेकडो लोकांचं बळ होतं. पण या माणसांचे चेहरे जगाला आधी ठाऊक झाले ते तिच्या फोटोंमुळे.

कायद्याने जमीन मिळाली तरी लढा संपला नाही. खाणमजूर पुन्हा घुसले. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझील सरकारला यानोमामी प्रदेशात आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. टाळता येण्याजोग्या कारणांनी मागच्या चार वर्षांत सुमारे ५७० मुलं दगावल्याची माहिती तेव्हा सरकारनेच दिली. हे कर्ज आजही पूर्ण फिटलेलं नाही.

बारातांगचा रस्ता

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची वाटेल, पण तशी ती नाही. दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं सेल्युलर जेल पाहायला, सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडायला अंदमानला जातात. तिथून पुष्कळ जण बारातांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला निघतात. जिरकटांगच्या नाक्यावर गाड्या थांबतात, तांडा करून सोडल्या जातात आणि पुढचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. यानोमामींच्या अरण्यात रस्ता अर्धवट राहिला. जारवांच्या अरण्यात तो पूर्ण झाला.

जारवांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाहेरच्यांना फारसं जवळ येऊ दिलं नव्हतं. जानेवारी २०१२ मध्ये एक चित्रफीत जगभर गाजली. तिच्यात खाण्याच्या बदल्यात जारवा मुलींना पर्यटकांसमोर नाचायला सांगितलं जात होतं. ती पाहून देशभर संताप उसळला. आदिम जमातींच्या संरक्षणाचा अंदमानचा नियम १९५६ सालचा आहे. २०१२ मध्ये तो आणखी कडक झाला. या रस्त्यावर थांबणं, जारवांना काही देणं आणि त्यांचे फोटो किंवा चित्रफिती काढणं हा आता गुन्हा आहे.

फोटो काढणारा प्रत्येक जण आंदुझार होऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण कर्ज काढताना फेडण्याची ऐपत बघावी, एवढं शहाणपण आपल्या घरोघरी आहे. तेच इथे लावावं. ज्याचा फोटो काढायचा, त्याची संमती आपल्याला मागता येईल का? तो फोटो पुढे कुठे जाईल, हे त्याला सांगता येईल का? त्याच्या कामी तो कधी येईल का? पालघरच्या वारली पाड्यावर, रायगडच्या कातकरी वाडीत, भामरागडच्या माडिया गावात हे प्रश्न समोरासमोर बसून विचारता येतात. माणसं आपल्याशी बोलतात, नाही म्हणतात, हो म्हणतात, फोटोची प्रत मागतात. मागितलेली प्रत नेऊन द्या. फेडीचा पहिला हप्ता तिथूनच सुरू होतो.

बारातांगच्या रस्त्यावर मात्र हे प्रश्न विचारायला थांबता येत नाही, आणि थांबूही नये. तिथे गाडीची काच वर ठेवा, मोबाइल खिशात ठेवा आणि मुलांना सांगा, की बाहेर जे अरण्य दिसतंय ते या लोकांचं घर आहे आणि आपण त्यांच्या अंगणातून जात आहोत.